व्हॉल्व्हच्या दांड्यावरची किल्ली

बोट विकायची हे दादाने मला तोंडाने सांगितलं नाही, वहीत लिहून ठेवलं. "गुडघे साथ देत नाहीत. बोट विकू. दलालाशी बोललो आहे. पुढच्या महिन्यापासून गिऱ्हाइकं येतील." खाली सही. मी केबिनमध्ये उभ्या उभ्या ते वाचलं आणि अशी सणसणीत शिवी हासडली की शेजारच्या बोटीवरचा म्हातारा डोकं वर काढून बघायला लागला. मग पेन घेतलं आणि रिवाजाप्रमाणे खाली लिहिलं, "वाचले." आणि सही केली.

हा रिवाज आमचा दोघांचा. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी आणि माझ्या थोरल्या भावाने मिळून ही शिडाची बोट घेतली. चौतीस फूट लांब, एक डोलकाठी, झोपायला पाच जागा, त्यातल्या दोन फक्त लहान मुलांना पुरतील अशा. घेतली त्याच दिवशी एक वहीही घेतली. बोटीवरून उतरताना प्रत्येकाने लिहायचं, काय मोडलं, काय दुरुस्त केलं, डिझेल किती उरलं. दुसऱ्याने आल्यावर वाचायचं आणि खाली "वाचले" लिहून सही करायची, म्हणजे मला माहीतच नव्हतं असं उद्या कुणी म्हणायला नको. आता आठवी वही चालू आहे. पहिल्या पाच वह्यांत चेष्टामस्करी आहे, माशांची चित्रं आहेत, माझ्या बायकोने लिहिलेली सामानाची यादी आहे. नंतरच्या तीन वह्या वाचल्या तर वाटेल दोन कैदी एकमेकांना चिठ्ठ्या लिहितायत.

दादा दातांचा डॉक्टर. मी शहराच्या पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसवर फिटर, छत्तीस वर्षं. त्यामुळे कामाची वाटणी कशी झाली असेल ते सांगायला नको. दर वर्षी क्रेनने बोट वर काढायची, तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, घासून रंग मारायचा, लाकडाला वार्निश, दोर ओढायच्या चाकांना ग्रीस, इंजिनाचं तेल, शिडाला ठिगळं. हे सगळं कोण करणार? मी. आणि दादा पांढऱ्या शर्टात येणार, तळाखाली वाकणार, पेशंटच्या तोंडात बघावं तसं बघणार आणि म्हणणार, "इथे एक राहिलंय." उंटावरून शेळ्या हाकायला अक्कल लागत नाही, फक्त उंट लागतो.

एक मात्र कबूल करतो, इथे करतो, त्याच्या तोंडावर मेलो तरी करणार नाही. सुकाणू हातात घ्यावं तर त्यानेच. मी चालवली की बोट चालायची. त्याने चालवली की ती स्वतःहून जायची.

आमचं बोलणं बंद झालं त्याला नऊ वर्षं झाली. माझी बायको तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये होती. मी तिच्या खाटेपाशी खुर्चीवर. दादा एकदाही आला नाही. मला वाटलं त्याच्या दवाखान्यात गर्दी असेल. ती गेली, सगळं उरकलं, आणि पंधरा दिवसांनी मी बोटीवर गेलो तर धक्क्यावर माझी बोटच नाही. तिच्या जागी एक पांढरी बोट उभी. दोनदा पुढे गेलो, दोनदा मागे आलो, तेव्हा डोलकाठीवरून ओळखली. आमची बोट निळी होती. एकोणीस वर्षं निळी. तो निळा माझ्या बायकोने निवडला होता, दुकानात तीन डबे उघडायला लावून, दुकानदाराची सालटी काढून. वहीत दादाने लिहिलं होतं, "बोट पांढरी करून घेतली. उन्हात कमी तापते." अरे, माझी बायको मरत होती आणि हा रंगाऱ्यांच्या डोक्यावर उभा होता! बरं, मी काय करणार होतो? आपलेच दात आणि आपलेच ओठ, त्यात तो तर दातांचाच डॉक्टर. मी लिहिलं, "वाचले." त्या दिवसापासून त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. एक महिना बोट त्याची, एक महिना माझी. मधे फक्त वही.

एका कप्प्याच्या आत, पुढच्या झोपायच्या जागेखाली, रंगाऱ्यांचा हात पोचला नव्हता. तिथे वीतभर निळा राहिला होता. माझ्या महिन्यात मी तो कप्पा आठवड्यातून एकदा पुसायचो. लोक काय काय करतात, मी कप्पा पुसत होतो.

आता ती बोटच विकायची म्हणे. बोट घेताना केलेल्या करारात लिहिलेलं, एकाला सोडायची असेल तर दुसऱ्याने त्याचा अर्धा हिस्सा विकत घ्यावा, नाही जमलं तर विकावी. माझ्या पेन्शनीत तिची डोलकाठी आली नसती. म्हणजे सही तर करावी लागणार होती. पण गिऱ्हाईकच आलं नाही तर सही कशावर करणार? हा कायदा मला बरोबर समजत होता.

पहिला आला तो एक चष्मेवाला. केबिनमध्ये उतरला आणि विचारतो, "इथे मायक्रोवेव्ह बसेल का?"

"बसेल की," मी म्हटलं, "तुम्ही बाहेर झोपलात तर."

दुसरं एक जोडपं आलं. बाईंनी नाकाला रुमाल लावला. "वास कसला येतोय हो?"

"कुठला कुठला सांगू?" मी म्हटलं. त्या वर गेल्या त्या खाली आल्याच नाहीत. वास कसलाही नव्हता. माझ्या बोटीच्या तळात बसून जेवावं इतका तळ कोरडा असतो.

दलाल माझ्यावर दात धरून होता. तिशीतला पोरगेला माणूस, टोकदार बूट, बोटीवर येताना पाय पुसायचा नाही. म्हणाला, "काका, दाखवायच्या वेळी तुम्ही नका ना येऊ."

"अर्धी माझी आहे. मी माझ्या अर्ध्यावर बसतो, तू दुसरं अर्धं दाखव."

असे चार जण पळवले. वहीत दादाने लिहिलं, "गिऱ्हाइकांशी नीट बोलावे." त्याचं अक्षर गेल्या वर्षभरात इतकं बिघडलं होतं की कोंबडीने पाय पुसलेत असं वाटावं. पूर्वी मोत्यासारखं होतं. मी खाली लिहिलं, "वाचले. अक्षर नीट काढावे." मला फार बरं वाटलं ते लिहून.

पाचवी आली ती बेकरीवाली. चाळिशी ओलांडलेली, दंडाने मजबूत, बाहीवर पीठ. दलालाला म्हणाली, तुम्ही धक्क्यावरच थांबा. बूट काढून वर चढली. मी नेहमीचं तोंड लावलं होतं, कडू. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. गुडघ्यावर बसली आणि बोटांच्या पेरांनी डेकवर टकटक करत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. पाव आतून भाजला का ते खालून वाजवून बघतात, तसं. डोलकाठीच्या डाव्या अंगाला थांबली. पुन्हा वाजवलं.

"इथे पाणी मुरलं होतं," ती म्हणाली. "कुणी दुरुस्त केलंय?"

"मी."

"चांगलं केलंय."

हात्तिच्या! हिला कसं पळवायचं? मी म्हटलं इंजिन जुनं आहे. ती म्हणाली जुनंच बरं, हातोडीने ऐकतं. म्हटलं शिडं ठिगळांची आहेत. ती म्हणाली ठिगळं दिसली, टाका छान आहे. म्हटलं बाई, एकटीने नाही जमायचं. तेव्हा मात्र ती सरळ उभी राहिली. "पहाटे तीनला उठून चारशे पाव एकटी काढते, वीस वर्षं. आता दुकान भावाच्या मुलीच्या हाती देतेय. मला एक वर्ष समुद्रावर काढायचंय, आणि तुम्ही मला घाबरवू नका, काका."

मग तिने सगळे कप्पे उघडले. पुढचाही. आत डोकं घातलं आणि तिथूनच ओरडली, "अहो, ही आधी निळी होती? कसला सुरेख निळा आहे हा! मी घेतली तर पुन्हा निळीच करणार."

कुणालाही वाटेल की मला आनंद झाला असेल. माझं डोकं फिरलं. माझ्या बायकोचा निळा ही बया येऊन उचलणार, त्यात बसून भटकणार, आणि मी धक्क्यावरून टाटा करणार? तो रंग माझा होता. वीतभर का असेना, कुलपात होता आणि माझा होता. ती गेल्यावर मी कप्पा बंद केला आणि ठरवलं, काहीही झालं तरी हिला बोट मिळता कामा नये.

दलालाचा निरोप आला. बाईंना बोट पसंत आहे, फक्त एकदा समुद्रात नेऊन बघायची आहे. रविवारी सकाळी. दोन्ही मालक हवेत.

आता एक नियम सांगतो, तो कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बोटीचं इंजिन समुद्राच्या पाण्याने गार राहतं. तळाला एक भोक असतं, त्यातून पाणी आत येतं, इंजिनात फिरतं आणि मागच्या नळीतून पिचकारीसारखं बाहेर पडतं. त्या भोकावर व्हॉल्व्ह. उतरताना व्हॉल्व्ह बंद करायचा, नाहीतर नळी फुटली तर बोट जागेवर बुडेल. आणि पुन्हा सुरू करताना उघडायला विसरलं, तर इंजिन कोरडं तापून बोंबलतं. म्हणून आम्ही पहिल्या वर्षीच ठरवलं की व्हॉल्व्ह बंद केला की इंजिनाची किल्ली त्याच्याच दांड्याला अडकवायची. किल्ली घ्यायची तर व्हॉल्व्हपाशी वाकावंच लागतं. जो किल्ली घेईल त्याने व्हॉल्व्ह उघडायचा आणि मगच किल्ली वर न्यायची. म्हणजे किल्ली हातात आली याचा अर्थ खाली पाणी सुरू आहे. दुसऱ्याने परत बघायचं नाही, विचारायचं नाही. भांडणं झाली, रंग बदलला, बोलणं संपलं, पण अठ्ठावीस वर्षांत हा नियम दोघांपैकी कुणी एकदाही मोडला नव्हता.

रविवारी दादा आला. नऊ वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघं एका वेळी बोटीवर होतो. डोक्यावर ती जुनी टोपी, आणि टोपीखाली एक म्हातारा. मी पाहतच राहिलो, हा इतका वाळला कधी? त्याने मला बघून मान हलवली. मी मान हलवली. सुंभ जळतो, पीळ जळत नाही. बेकरीवाली मागच्या बाकावर बसली, दलाल तिच्या शेजारी, टोकदार बूट घालूनच.

दादा सुकाणूपाशी उभा राहिला. मी किल्ली आणायला खाली गेलो.

इंजिन केबिनच्या पायऱ्यांमागे, म्हणून पायऱ्या बाजूला सरकवल्या, वाकलो. व्हॉल्व्हचा दांडा आडवा होता. आडवा म्हणजे बंद. किल्ली त्याला लटकत होती. मी किल्ली काढली. आणि दांड्याला हात लावला नाही.

विसरलो नाही हो. छत्तीस वर्षं व्हॉल्व्ह उघडायचा आणि बंद करायचा याचाच पगार घेतलेला माणूस मी, मी विसरेन? मी सगळा हिशोब केला होता. पंपातला रबरी पंखा कोरडा फिरून जळेल. जळू दे, दुसरा माझ्या डब्यात होता, वीस मिनिटांचं काम. चार-पाच मिनिटांत इंजिन तापल्याचा भोंगा वाजेल, धूर येईल. बंदराच्या तोंडापर्यंत जायला सात मिनिटं लागतात, म्हणजे आम्ही आतच, बोटींच्या रांगेत असू. शेजारच्या बोटीला धरून थांबू, सगळं बंदर बघेल, बाईसकट बोट दुसऱ्या बोटीने ओढून आणावी लागेल, आणि ती म्हणेल नको रे बाबा असलं धूड. इंजिनाला काही होणार नाही, कुणाला लागणार नाही. असा छान हिशोब.

वर आलो आणि किल्ली दादाच्या हातात दिली.

त्याने खाली बघितलं नाही. माझ्याकडेही बघितलं नाही. किल्ली घेतली आणि भोकात घालायला गेला, आणि मला दिसलं की त्याचा हात थरथरतोय. थोडासा नाही, चांगला पानासारखा. किल्लीचं टोक भोकाच्या आजूबाजूला टिकटिक आपटत होतं. त्याने दुसऱ्या हाताने मनगट धरलं, मग ती आत गेली. ज्या हाताने चाळीस वर्षं लोकांच्या हिरड्यांत सुया घातल्या तो हात. गुडघे म्हणे! गुडघ्यांचं नाव लिहिलं होतं गृहस्थाने वहीत. आणि मी खाली लिहिलं होतं, अक्षर नीट काढावे.

त्याच वेळी खाली जायला हवं होतं. दोन पायऱ्या. "थांब" म्हणायला हवं होतं. पण नऊ वर्षं ज्याच्याशी बोललो नाही त्याला पहिला शब्द "थांब" कसा म्हणायचा, आणि मग कारण काय सांगायचं? इंजिन सुरू झालं.

इंजिन सुरू झालं की मागे उभा असलेला माणूस वाकून बघतो, नळीतून पाणी पडतंय का. हाही जुना रिवाज. सुकाणूवरचा विचारतो, मागचा उत्तर देतो. नऊ वर्षं आम्ही आपापल्या महिन्यात स्वतःच विचारत होतो आणि स्वतःच वाकत होतो. मी सवयीने मागे जाऊन उभा राहिलो होतो, लक्षातच आलं नाही.

"पाणी?" दादाने विचारलं.

आवाज तोच. बारीक झालेला, पण तोच. मी वाकलो. नळीच्या तोंडातून नुसता कोरडा धूर येत होता.

"आहे," मी म्हटलं.

दोर सोडले. दादा फार खूश होता, हे मला त्याच्या पाठीवरून कळत होतं. तरुणपणी जसा निघायचा तसा निघाला, भरधाव. म्हणजे माझा सात मिनिटांचा हिशोब बसला बोंबलत. चार मिनिटांत आम्ही बंदराच्या तोंडाशी होतो, डावीकडे दगडी बांध, आडवा वारा बोटीला थेट दगडांवर ढकलणारा. तिथे भोंगा वाजला. जळक्या रबराचा वास आला, धुराचा लोट उठला, दलाल "अहो, अहो, अहो" करायला लागला.

दादाने भोंग्याकडे पाहिलंही नाही. इंजिन बंद केलं. "पुढचं!" एवढंच म्हणाला. तोवर मी पुढच्या शिडाचा दोर सोडून दुसरा ओढत होतो. शीड फडफडलं, भरलं. दगड इतके जवळ आले होते की त्यांच्यावरचं शेवाळ दिसत होतं. मी घाबरलो होतो, तरी एकदाही मागे वळून बघितलं नाही, कारण सुकाणूवर दादा होता. बोट कलली, एक क्षण तिथेच थांबली आणि मग स्वतःहून गेली. बांधाचं टोक माझ्या डाव्या हाताला वावभर अंतरावरून मागे पडलं.

बाहेर मोकळ्या पाण्यात आल्यावर मोठं शीड चढवलं. मी चढवलं, ओढून ओढून खांदे निघाले. एक वळसा घेतला. "ढील दे." दिली. "बास." बास. "आता सोड." सोडलं. तसेच शिडावर परत आत आलो, बोटींच्या रांगांमधून, इंजिनाशिवाय. असलं करायला आजकालचे लोक घाबरतात. दादाने शेवटच्या पन्नास फुटांवर बोटीचं तोंड वाऱ्याकडे वळवलं, शीड लुळं पडलं, बोट हळूहळू सरकत आमच्या जागेत शिरली आणि धक्क्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली. मी उतरून दोर बांधला. अठ्ठावीस वर्षांत इतकी सुरेख आम्ही कधी लावली नव्हती.

"घेतली!" बेकरीवाली उभी राहून ओरडली. तिचे डोळे लकलकत होते. "घेतली मी! इंजिन दुरुस्त करता येतं हो. पण बोट अशी चालते हे मला कुणी सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं!"

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मी दोर हातात धरून धक्क्यावर उभा.

दादाने किल्ली काढली आणि खाली गेला, एकेका पायरीवर थांबत. पायऱ्या बाजूला सरकवल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग दांडा फिरवल्याचा आवाज. आडव्याचा उभा. तो आवाज मी झोपेतही ओळखतो.

वर आला तेव्हा हाताला काळं लागलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. शिवी दिली असती, कानाखाली काढली असती, सगळ्या बंदरासमोर सांगितलं असतं की माझा भाऊ खोटारडा आहे, तर मी उलट दोन ऐकवल्या असत्या. नऊ वर्षांचा साठा होता माझ्याकडे. हॉस्पिटलची खुर्ची होती, निळा होता. तो नुसता बघत राहिला, एक्स-रे हातात धरून बघावं तसा. मग बाईकडे वळला.

"पंपातला रबरी पंखा जळला. जुना झाला होता. बदलायला मी विसरलो, माझी चूक. हा बदलून देईल."

हा म्हणजे मी. मी बदलून दिला. जुना बाहेर काढला तर त्याच्या पाकळ्यांचा नुसता चुरा झाला होता. वीस मिनिटांचं काम, मला दीड तास लागला.

पुढच्या शनिवारी कागदपत्रं झाली, बोटीवरच, केबिनमधल्या टेबलावर. दलालाने कागद पुढे सरकवले, दादाने मनगट धरून सह्या केल्या, मी केल्या. बोट गेली. वाटलं होतं छातीत काहीतरी होईल. काही झालं नाही, फक्त टेबलाच्या कडेचं वार्निश या वर्षी राहिलं असं मनात आलं.

मग बाईने आठही वह्या मागितल्या. म्हणाली, बोटीबरोबर वह्या हव्यात, सगळ्या वाचणार आहे. आणि चालू वही उघडून टेबलावर ठेवली. "तुम्ही दोघांनी मला काहीतरी लिहून द्या. नव्या माणसाने काय सांभाळायचं ते."

मी तयारीने आलो होतो. खिशात चार पानं होती. कुठला नट उलटा फिरतो, कुठली खिडकी पावसात गळते, रंग कुठल्या नंबरचा. हो, रंगाचा नंबरही लिहिला होता. तेवढा तरी द्यावा तिला, असं रात्रभर भांडून ठरवलं होतं स्वतःशी.

दादाने आधी पेन घेतलं. लिहायला फार वेळ लागला. एकच ओळ. सही केली, पेनाला टोपण लावलं आणि वही माझ्याकडे फिरवली. मोठी वाकडीतिकडी अक्षरं, पण लागत होती.

"इंजिन सुरू करण्याआधी व्हॉल्व्ह प्रत्येकाने स्वतः पाहावा. किल्ली कोणीही हातात दिली असली तरी."

"बरोबर आहे," बाई माझ्या खांद्यावरून वाचत म्हणाली. "हे तर पाहिजेच. तुम्ही काय लिहिताय, काका?"

दादा टोपी हातात घेऊन बसला होता. उठला नाही. त्याची नजर वहीवर होती आणि तो थांबला होता. ओळीखाली जागा मोकळी होती, नेहमीएवढीच.

चार पानं खिशातच राहिली. मी टोपण काढलं, लिहिलं, "वाचले." आणि सही केली.